ऑगस्टमधला गुणतक्ता

मंडळी, यंदाच्या स्मरणिकेत पाककृती, प्रवासवर्णनं आणि मुलांची चित्रं भरपूर आहेत असं संपादकांकडून कळलं. "तू काहीतरी परीक्षण दे, नाटकाचं, पुस्तकाचं, कशाचंही," असा त्यांचा निरोप होता. या गावात बावीस वर्षांत मी पाहिलेली मराठी नाटकं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. फुटबॉलचे सामने मात्र दोनशेच्या वर पाहिले. तेव्हा परीक्षण फुटबॉलचंच करतो, आणि तेही एका संघाच्या एका मोसमाच्या पहिल्या काही आठवड्यांचं. ज्यांना फुटबॉलमध्ये रस नाही त्यांनी पान उलटलं तरी राग नाही. पण शेवटी थोडं आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्यांबद्दलही आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्या गावाला फुटबॉलचं वेड किती, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगून पटत नाही. तिथे पेठापेठांतल्या तालमींचे संघ असतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशी नावं घेतली तरी घराघरांत दोन तट पडतात. लहानपणी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर भर उन्हात बसून मी इतक्या शिट्ट्या मारल्यात, की ओठांना तशी सवयच लागली. त्यामुळे २००३ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्स करायला आलो, आणि स्टेशनमधून बाहेर पडताच टेकडीवर उभं असलेलं ते अजस्र स्टेडियम दिसलं, तेव्हा निम्मी घरची आठवण तिथेच कमी झाली. गावाची वस्ती जेमतेम लाखभर आणि स्टेडियम सुमारे ५० हजारांचं. संघाचा रंग लाल आणि पांढरा. कोल्हापूरच्या माणसाला तांबडा-पांढरा म्हटल्यावर आणखी काय हवं?

घरमालक आजोबा तळमजल्यावर राहायचे. त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर बुंडेसलीगाचा गुणतक्ता चिकटवलेला असे आणि दर रविवारी सकाळी ते तो पेनने दुरुस्त करत. त्या तक्त्यात आमच्या संघाच्या नावापुढे एक फुली होती. तिचा अर्थ विचारला तर म्हणाले, "आम्ही यंदा शून्यापासून नाही, वजा तीनपासून सुरुवात केली." मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण खरंच तसं होतं. क्लब कर्जात बुडालेला, परवान्याच्या अटी मोडलेल्या, म्हणून लीगने २००३-०४ च्या मोसमाला तीन गुणांची वजाबाकी करूनच सोडलं होतं. त्याच वर्षी क्लबला स्वतःचं स्टेडियमही विकावं लागलं. २००६ च्या विश्वचषकासाठी ते मोठं करायचं काम डोक्यावर, आणि खिसा रिकामा. त्या मोसमात आम्ही १५ वे आलो, म्हणजे काठावर पास. मिरोस्लाव क्लोजे तेव्हा आमच्याकडे होता. मी आलो आणि पुढच्याच उन्हाळ्यात तो ब्रेमेनला गेला. माझा त्यात काही हात नाही.

क्लोजेवरून आठवलं. माझ्या पहिल्या सामन्यात त्याने एक सुंदर हेडर मारला. गोल झाला नाही, पण मी दाद म्हणून दोन बोटं तोंडात घालून कोल्हापुरी शिट्टी ठोकली. आजूबाजूच्या चार-पाच जणांनी वळून माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी त्यांच्या आजीबद्दल काही बोललो असावा. आजोबांनी मला कोपराने ढोसलं. इथे शिट्टी म्हणजे निषेध! आपल्याकडे हिरोच्या एंट्रीला वाजते ती शिट्टी इथे खेळाडूला 'चालता हो' म्हणून सांगते. हा धडा मी लगेच शिकलो, आणि पुढे नको तिथे वापरला. त्याकडे नंतर येतो.

आता मुख्य विषय. चाहत्यांना मोसमाचे पहिले पाच-सहा आठवडे फार आवडतात. सगळ्यांचं गणित तेव्हा कोरं असतं. कुठलाही संघ पहिला असू शकतो. वर्तमानपत्रवाले त्यावर रकाने भरतात, कट्ट्यावरचे लोक बिअर भरतात. (आमच्या फाल्त्स भागात वाइनमध्ये सोडा घालून अर्ध्या लिटरच्या ग्लासातून पितात, त्यामुळे मतं जरा जास्तच ठाम होतात.) प्रश्न असा आहे, की ऑगस्टमधला हा गुणतक्ता काही सांगतो का? की नुसताच आपल्याला खुळा करतो?

लाउटर्नचा माणूस यावर एकच उदाहरण देतो. १९९७. ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण ती जगाच्या फुटबॉलमधली एक नवलाची गोष्ट आहे. १९९६ च्या मे महिन्यात हा संघ पहिल्यांदाच बुंडेसलीगातून खाली उतरला. शेवटच्या दिवशी लेव्हरकुझेनच्या मैदानावर आंद्रेआस ब्रेमे, ज्याने १९९० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा विजयी गोल केला होता, तो रुडी फोलरच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्यानंतर आठवड्याभरातच याच संघाने जर्मन कप जिंकला, हा आणखी एक विनोद. मग ओटो रेहागेल प्रशिक्षक म्हणून आला. त्याला बायर्न म्युनिकने नुकतंच काढून टाकलं होतं. एका वर्षात संघ दुसऱ्या विभागात पहिला येऊन परतला, आणि परतल्यावर पहिलाच सामना आला तो म्युनिकमध्ये, बायर्नशी. २ ऑगस्ट १९९७. सामना संपायला दहाएक मिनिटं असताना मिकाएल श्योनबर्ग या डॅनिश बचावपटूने हेडरने गोल केला. १-०.

सगळ्यांनी त्याला अपघात म्हटलं. चौथ्या फेरीनंतर संघ पहिल्या क्रमांकावर गेला, तरी लोक म्हणाले, नाताळपर्यंत घसरतील. डिसेंबरमध्ये बायर्न इथे आलं तेव्हा त्यांना पुन्हा २-० ने हरवलं. २ मे १९९८ ला वोल्फ्सबुर्गला ४-० ने नमवून, एक सामना शिल्लक असताना, कायझर्सलाउटर्न जर्मनीचं विजेतं झालं. खालच्या विभागातून वर येऊन त्याच वर्षी बुंडेसलीगा जिंकणारा दुसरा संघ आजवर झालेला नाही. ६८ गुण, बायर्नपेक्षा दोन जास्त. तेव्हा मी कोल्हापुरात बारावी देऊन इंजिनिअरिंगच्या फॉर्मांच्या रांगेत उभा होतो आणि मला याचा पत्ताही नव्हता. पण आजोबांनी ही गोष्ट मला इतक्या वेळा सांगितली, की हल्ली मला मी तिथेच होतो असं वाटतं.

या गोष्टीने या गावाचं फार नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यामुळे इथला प्रत्येक चाहता प्रत्येक ऑगस्टमध्ये १९९७ शोधतो.

आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये तो सापडलाच, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पार्श्वभूमी अगदी तशीच होती. २००६ साली संघ पुन्हा उतरला होता. २००८ च्या मे महिन्यात तर तो तिसऱ्या विभागात जायचा, पण शेवटच्या दिवशी कोलोनला ३-० ने हरवून वाचला. त्या दिवशी आजोबांनी मला मिठी मारली, आणि ही जर्मन माणसं मिठी मारत नाहीत हा माझा पाच वर्षांचा समज मोडला. १९९१ चा विजेता कर्णधार श्टेफान कुंट्झ तेव्हा नुकताच क्लबचा अध्यक्ष झाला होता. मार्को कुर्ट्झच्या हाताखाली २०१० साली संघ दुसऱ्या विभागात पहिला आला आणि वर चढला. पहिला सामना कोलोनला, त्यांच्या मैदानावर. ३-१ ने जिंकलो. दुसरा सामना शुक्रवारी, २७ ऑगस्टला, इथे टेकडीवर. पाहुणे कोण? बायर्न म्युनिक. तीन महिन्यांपूर्वी लीग आणि कप दोन्ही जिंकून, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत जाऊन आलेलं बायर्न.

पूर्वार्ध संपायला दहाएक मिनिटं होती. इवो इलिचेविचने लांबून एक चेंडू हाणला तो सरळ जाळ्यात. आम्ही एकमेकांच्या अंगावरून खाली उतरतो न उतरतो तोच सर्जान लाकिचने दुसरा गोल केला. मी शेजारच्या अनोळखी माणसाची टोपी घालून उड्या मारत होतो आणि माझी टोपी कुणाकडे गेली ते आजतागायत कळलेलं नाही. २-०, आणि शेवटपर्यंत २-०. दोन सामने, सहा गुण, तक्त्याच्या अगदी वरच्या टोकाला. खाली उतरताना सगळ्यांच्या तोंडी एकच साल. मी घरी येऊन रात्री बाराला कोल्हापूरला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेतीन. वडिलांनी फोन उचलला तो कुणीतरी गेल्याच्या आवाजातच. "बायर्नला हरवलं!" असं मी ओरडल्यावर ते जे काही बोलले ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही.

पुढे काय झालं? ११ सप्टेंबरला गणपती बसले. त्याच शनिवार-रविवारी आम्ही माइन्झकडून १-२ ने हरलो. माइन्झ म्हणजे आमच्याच राज्याची राजधानी, तेव्हा जखम जरा खोल. (माइन्झने त्या वर्षी पहिले सातच्या सात सामने जिंकले. खरा १९९७ त्या ऑगस्टमध्ये तिकडे होता, असं वाटलं. तेही शेवटी विजेते झाले नाहीतच.) आणि २२ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दिवशी, डॉर्टमुंडने आम्हाला ५-० ने बुडवलं. "पुढच्या वर्षी लवकर या" हे आम्ही त्या रात्री वेगळ्याच अर्थाने म्हणालो. पुढे बरेच आठवडे विजयाचं तोंड दिसलं नाही. मग नोव्हेंबरात स्टुटगार्टविरुद्ध ०-३ ने मागे असताना ३-३ केलं, शाल्केला ५-० ने धुतलं. पुन्हा घसरण, शेवटच्या आठवड्यांत पुन्हा सावरणं, आणि मोसम संपला तेव्हा आम्ही ४६ गुणांसह सातवे. वर चढलेल्या संघासाठी हे उत्तमच म्हणायचं. तरी गाव खट्टू होतं, कारण आम्हाला ऑगस्टने काही वेगळंच सांगितलं होतं.

त्या काळात माझी एक थिअरी होती आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये मी ती दर सोमवारी मांडत असे. थिअरी अशी: १९९७ चा संघ खरा संघ होता, २०१० चा संघ म्हणजे लाकिच. सगळे गोल एकाच माणसाच्या पायातून. तो थांबला की गाडी बंद. आमच्या धंद्यात याला म्हणतात, सगळं सॉफ्टवेअर एकाच माणसाच्या डोक्यात असणं. ऐकायला थिअरी छान होती. लोक माना डोलवायचे.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदाच आकडे काढून पाहिले. १९९७-९८ च्या मोसमात संघाचे गोल ६३, त्यात ओलाफ मार्शालचे २१. म्हणजे बरोबर एक तृतीयांश. २०१०-११ च्या मोसमात संघाचे गोल ४८, त्यात लाकिचचे १६. म्हणजे बरोबर एक तृतीयांश! चौदा-पंधरा वर्षं मी लोकांना जे ठासून सांगत होतो ते एका भागाकारात आडवं झालं. तेव्हाही संघ एका माणसावर तितकाच अवलंबून होता. रेहागेलच्या विजेत्या संघाबद्दल "सगळे मिळून" असं जे आपण म्हणतो ते जिंकल्यानंतर म्हणतो.

मग फरक कशात होता?

फरक गुणतक्त्यात नव्हताच. तो करारांच्या कागदात होता. १९९६ साली संघ खाली उतरला तेव्हा ब्रेमे गेला नाही, कादलेत्स गेला नाही, कुका गेला नाही, मार्शाल गेला नाही. ज्यांनी बुडवलं तेच बहुतेक जण दुसऱ्या विभागात खेळून वर आले, आणि त्यांच्यात इंटर मिलानहून परत आणलेला स्फोर्झा आणि केम्निट्झहून आलेला विशीतला मिखाएल बालाक यांची भर पडली. म्युनिकच्या त्या पहिल्या सामन्यात जो संघ दिसला, तो पुढच्या वर्षीही बऱ्याच अंशी तोच राहणार होता. मार्शाल तर २००२ पर्यंत इथेच खेळला आणि इथेच थांबला.

२०१० च्या ऑगस्टमध्ये बायर्नला हरवणारा संघ मात्र भाड्याच्या घरासारखा होता. लाकिचचा करार पुढच्या जूनमध्ये संपत होता. मधल्या फळीतला गुणी यान मोरावेक शाल्केकडून एका वर्षासाठी उसना आणलेला. इलिचेविचला मोठे क्लब हेरत होते, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तो हॅम्बुर्गला गेलाही. आम्ही ५० हजार माणसं त्या शुक्रवारी नाचत होतो, आणि मैदानावरचं बरंचसं सामान आधीच खोक्यांत भरलेलं होतं. गोलफरक, गुण, क्रमांक हे सगळं आम्ही पाहत होतो. करार कुठल्या तारखेला संपतो, हा एकच आकडा कुणी पाहिला नाही. मी तर नाहीच नाही, आणि माझं पोट ज्या धंद्यावर चालतं त्यात प्रोजेक्ट घेताना पहिला प्रश्न हाच विचारतात!

इथे एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी. १९९५ च्या डिसेंबरपर्यंत युरोपात करार संपलेला खेळाडूही नवीन क्लबला पैसे मोजूनच घ्यावा लागे. म्हणजे करार संपला तरी माणूस जुन्या मालकाचाच. ज्याँ-मार्क बोस्मान नावाच्या एका बेल्जियन खेळाडूने याविरुद्ध दावा लावला आणि लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला छदाम नाही. शेवटच्या सहा महिन्यांत तो दुसरीकडे सही करून ठेवू शकतो. न्याय म्हणून निकाल योग्यच आहे. पण लाउटर्नसारख्या छोट्या गावाच्या क्लबचं कंबरडं त्याने मोडलं, कारण अशा गावांची खरी मिळकत खेळाडू घडवून विकण्यातच होती.

२०११ च्या जानेवारीत बातमी आली: लाकिच उन्हाळ्यात वोल्फ्सबुर्गला जाणार, फुकटात. तोवर त्याचे बहुतेक गोल झालेले होते. मग वोल्फ्सबुर्गच्या जर्सीतलं त्याचं छायाचित्र छापून आलं आणि गावाचं डोकं फिरलं. आणि त्याच वेळी त्याचे गोलही आटले. आठवड्यामागून आठवडे चेंडू खांबाला लागे, गोलरक्षकाच्या हातात जाई, आणि आमच्या स्टँडमधून शिट्ट्या सुरू होत.

त्यातली एक शिट्टी माझी. कोल्हापूरची, दोन बोटांची, चांगली खणखणीत.

या गावात निष्ठेचा मापदंड फार उंच आहे, आणि तो फ्रिट्झ वाल्टरने घालून दिलेला आहे. १९५४ साली हंगेरीला ३-२ ने हरवून विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मन संघाचा तो कर्णधार. त्या अकरा जणांत पाच जण एकट्या कायझर्सलाउटर्नचे. त्याच्या आधी तीन वर्षं अॅटलेटिको माद्रिदने त्याच्यापुढे पैशांची थैली ओतली होती. इथे तेव्हा खेळाडूला महिना ३२० मार्कांची मर्यादा होती. तो गेला नाही. जन्मभर एकाच क्लबसाठी खेळला. स्टेडियमला त्याचंच नाव आहे. आजोबांनी त्याला लहानपणी खेळताना पाहिलं होतं, आणि "फ्रिट्झ गेला नाही" हे त्यांचं वाक्य लाकिचवरचा शेवटचा निकाल होता.

मला तो निकाल तेव्हा मान्य होता. आज नाही. सांगतो का.

लाकिच इथे आला २००८ साली, म्हणजे क्लब तिसऱ्या विभागात जाता जाता वाचला त्या उन्हाळ्यात. दोन वर्षं तो दुसऱ्या विभागात खेळला. ज्या संघाने बायर्नला हरवलं, तो वर आणण्यात त्याचाही घाम होता. २७ व्या वर्षी, कारकिर्दीतल्या सर्वांत चांगल्या मोसमात, एका श्रीमंत क्लबने त्याला बोलावलं. त्याने करार मोडला नाही, पाळला. करार संपल्यावर गेला. चूक कुणाची असेल तर २०१० च्या जूनमध्ये, चेंडू फिरायच्या आधी, त्याचा करार वाढवता न आलेल्या क्लबची. पण कर्जातून कसाबसा डोकं वर काढणाऱ्या क्लबकडे तरी काय होतं? कुंट्झला मी फार दोष देत नाही. ते छायाचित्र टाळता आलं असतं, एवढं म्हणेन. गोल आटले यात मात्र मला विश्वासघात दिसत नाही. स्वतःच्याच मैदानावर स्वतःचेच लोक शिट्ट्या मारताना हेडर नेमका बसत नसेल, असा साधा हिशेब दिसतो. आम्हीच संघाचे गोल कमी केले, असं माझं मत आहे. पुढच्या मोसमाचे आकडे पाहा: ३४ सामन्यांत फक्त २४ गोल, आधीच्या वर्षाच्या बरोबर निम्मे. २३ गुण, शेवटचा क्रमांक, पुन्हा खाली. मार्चमध्ये कुर्ट्झलाही काढलं होतं. आजपर्यंत, म्हणजे २०१२ पासून, हा क्लब बुंडेसलीगात परतलेला नाही. मध्ये चार वर्षं तिसऱ्या विभागात काढली, २०२० मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया झाली, २०२२ मध्ये ड्रेस्डेनला नमवून दुसऱ्या विभागात आले, २०२४ मध्ये कपच्या अंतिम सामन्यात लेव्हरकुझेनकडून ०-१ ने हरले.

आता माझी गोष्ट. २०११ च्या फेब्रुवारीत मी स्वतः दुसऱ्या कंपनीशी सही केलेली होती. पगार चांगला होता, काम मानहाइमला, नोटीस तिमाहीच्या शेवटापर्यंत. म्हणजे मीही चालू मोसमात पुढच्या क्लबची जर्सी घेऊन ठेवलेली होती, फक्त माझं छायाचित्र कुणी छापलं नाही. ज्या शनिवारी मी लाकिचला शिट्टी मारली त्या शनिवारी तो सहीचा कागद घरी माझ्या टेबलाच्या खणात होता. सोमवारी मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "वाईट वाटलं, पण समजू शकतो." शेवटच्या दिवशी इथल्या पद्धतीप्रमाणे निरोपाचा केक मीच नेला. (जाणाऱ्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं, ही पद्धत आपल्याकडेही यायला हवी.) सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या. कुणीही शिट्टी मारली नाही. कँटीनमध्ये शेजारी बसणारा, लाउटर्नचाच, स्टँडमध्येही माझ्याजवळ उभा राहणारा सहकारी मात्र केक खाता खाता म्हणाला, "फुकटात चाललास ना?" तो हसत होता. मला ते कळायला दोन-तीन दिवस लागले.

आपण सगळेच, हा अंक हातात धरलेले बहुतेक जण, करार संपला की गेलेले लोक आहोत. पुणं सोडलं, कोल्हापूर सोडलं, कुणी दोन कंपन्या, कुणी दोन देश. मागे राहिलेल्यांनी कधी शिट्टी मारली, कधी नाही. माझ्या आईने मारली नाही, पण तिचा तो दर रविवारचा "मग, किती वर्षांचं आहे आता?" हा प्रश्न शिट्टीपेक्षा वेगळा नव्हता. असं असताना त्या क्रोएशियन पोराकडून मी फ्रिट्झ वाल्टर होण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करत होतो, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

पुढे काही वर्षांनी लाकिच परत आला. वोल्फ्सबुर्गला त्याचं जमलं नाही, मग इकडे तिकडे करत तो पुन्हा लाउटर्नकडून खेळला, तेव्हा आम्ही दुसऱ्या विभागात होतो. पहिल्यांदा तो मैदानात उतरला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, अंमळ जास्तच. आजोबा शेजारी होते. ते काही बोलले नाहीत आणि त्यांनी टाळ्याही वाजवल्या नाहीत, पण शिट्टीसुद्धा मारली नाही. त्यांच्या हिशेबाने ते माफी दिल्यासारखंच होतं.

आजोबा आता नाहीत. फ्रिजवरचा तक्ता आमच्या घरी आला आणि रविवारी सकाळी तो दुरुस्त करायचं काम लेकाने घेतलंय. गुण आणि गोलफरक यांच्या शेजारी मी गेल्या ऑगस्टपासून एक तिसरा रकाना आखलाय: कुणाचा करार कुठल्या सालापर्यंत. लेक म्हणतो त्याने तक्ता कुरूप दिसतो. दोन सामने जिंकले की तो अजूनही धावत येऊन "बाबा, १९९७!" असं ओरडतो, आणि मी त्याला तिसरा रकाना दाखवतो, आणि तो माझ्याकडे आजोबांच्या नजरेने पाहतो.